दार, छत्र्या, घड्याळ, कपाट

१

कपाटाला कुलूप होतं, काच शाबूत होती, आणि आत मेमरी ड्रम नव्हता.

सोमवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी, मानसशास्त्राच्या विभागप्रमुखांनी हे पाहिलं आणि त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की शेजारच्या खोलीतला पहिल्या वर्षाचा वर्ग थांबला. तो वर्ग नव्या मॅडमचा होता. त्या धावत आल्या, त्यांच्यामागे वर्ग आला, आणि वर्गाच्या सगळ्यात पुढे आत्या आल्या.

आत्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनी होत्या. पोलिसात फौजदार म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी विणकाम करून पाहिलं, बागकाम करून पाहिलं, शेवटी कॉलेजात नाव घातलं. वर्गात त्यांना सगळे आत्या म्हणत. विभागप्रमुख सर त्यांच्याच वयाचे, पण तेही आत्याच म्हणत आणि दर वेळी जरासे ओशाळत. धावत येताना व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलेल्या मोठ्या घड्याळाला आत्यांचा पाय लागता लागता राहिला. शनिवार-रविवारी सरांच्या खोलीचं रंगकाम झालं होतं आणि रंगाऱ्यांचा पसारा अजून आवरलेला नव्हता.

मेमरी ड्रम म्हणजे बुटांच्या खोक्याएवढी पितळी पेटी. समोर बोटभर लांबीची खिडकी. बाजूचं हँडल फिरवलं की आतलं नळकांडं सरकतं आणि खिडकीत तीन अक्षरं दिसतात, ज्यांना काहीच अर्थ नसतो. समोरच्याने ती पाठ करायची आणि नंतर आठवून सांगायची. माणूस किती भराभर विसरतो, हे मोजायचं यंत्र. विभागाच्या संस्थापकांनी ते स्वतःच्या हातांनी बनवलं होतं, आणि येत्या शुक्रवारी विभागाच्या सुवर्णमहोत्सवात ते टेबलावर मधोमध विराजमान व्हायचं होतं.

"आज सकाळी मी त्याला पाहिलंय," सर म्हणाले. "याच डोळ्यांनी, याच कपाटात. त्यानंतर या खोलीत कोण आलं होतं?"

खोलीची साफसफाई बघणारे प्रयोगशाळेतले काका जमिनीकडे बघत राहिले.

"मी आले होते," नव्या मॅडम म्हणाल्या. "प्रयोगाची पत्त्यांची पेटी न्यायला."

"कपाटाच्या चाव्या दोनच आहेत. एक माझ्याकडे."

"एक माझ्याकडे." मॅडमनी पर्समधून चावी काढून दाखवली, आणि दाखवल्यावर आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं.

सगळे मॅडमकडे बघत होते. आत्या मात्र सरांनी उघडलेल्या कपाटात वाकल्या होत्या. फळीवर हिरवी मखमल होती आणि ड्रमच्या चार पायांनी तिच्यावर चार खळगे पाडले होते. आत्यांनी एका खळग्यात बोट फिरवलं. बोट पांढरं झालं.

२

नव्या मॅडम नव्या होत्या म्हणजे तशा नव्या नव्हत्या. तीन वर्षं त्या हंगामी नोकरीत होत्या. गुरुवारच्या बैठकीत त्यांना कायम करण्याचा ठराव यायचा होता, आणि ती शिफारस खुद्द सरांनी केली होती.

"आता शिफारस मागे घेतो म्हणतायत सर," प्राचार्यबाईंनी आत्यांना सांगितलं. "गुरुवारपर्यंत ड्रम मिळाला नाही तर ठराव रद्द, आणि पोलिसात तक्रार. माझाही नाइलाज आहे. तुम्ही यात कशाला पडताय? तुम्ही विद्यार्थिनी आहात."

"म्हणूनच. शिकवणाऱ्या मॅडम गेल्या तर माझा अभ्यासक्रम कोण पुरा करणार? या वयात नापास झाले तर आमच्याकडे जन्मभर ऐकावं लागेल."

प्राचार्यबाई हसल्या. हसल्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही.

सर आपल्या खोलीत कपाटासमोर बसले होते. दाराशी खुंटीवर त्यांचा कोट होता. आत्यांची बाही कोटाला घासली आणि काहीतरी पिवळसर, भरड कण खाली सांडले. आत्यांनी ते चिमटीत उचलले आणि रुमालाच्या टोकाला बांधले. जुनी सवय.

"सोमवारची सकाळ मला क्रमाने सांगा, सर. घाई नाही."

"आत्या, मी स्मरणशक्तीवर पुस्तक लिहिलंय. तुमच्या अभ्यासाला तेच लावलंय."

"वाचलंय. म्हणून तर तुम्हाला विचारते."

सरांनी डोळे मिटले. "दार उघडलं. डावीकडे छत्र्यांचा स्टँड. मग नजर वर घड्याळाकडे गेली. मग कपाट. ड्रम आत होता, हँडल उजवीकडे, सूर्यासारखा लखलखत होता. मग खिडकी. मग संस्थापकांची खुर्ची." त्यांनी डोळे उघडले. "आत्तासुद्धा दिसतोय मला. एवढं स्पष्ट तर मला माझं लग्नही आठवत नाही."

"घड्याळात किती वाजले होते?"

"ते... नाही लक्षात."

"बरं. शुक्रवारच्या भाषणाची तयारी झाली?"

सरांचा चेहरा जरा उजळला. "कागद लागत नाही मला. तुम्हाला गेल्या आठवड्यात शिकवलंच की. ओळखीच्या खोलीत मनानेच एकेक मुद्दा ठेवत जायचं आणि बोलताना मनानेच पुन्हा फिरून तो उचलायचा."

"कुठली खोली घेता तुम्ही?"

"हीच. दुसरी कुठली?"

आत्यांनी मान डोलावली. मग त्या दाराकडे वळल्या.

"बाईंनाही विचारा," ते म्हणाले. "आपल्या ग्रंथपालबाईंना. त्यांनी मॅडमना ड्रम नेताना पाहिलंय."

३

ग्रंथपालबाईंचं टेबल जिन्याच्या अगदी समोर होतं. वर कोण गेलं, खाली कोण आलं, कोणाशी हसत आलं, सगळं त्यांना दिसायचं आणि बरंचसं त्या सांगायच्याही.

"करड्या पिशवीत होता," त्या म्हणाल्या. "जड होतं काहीतरी. मॅडम एका अंगावर झुकून चालत होत्या. मला तर तेव्हाच कसंसं वाटलं."

"तेव्हाच वाटलं?"

"म्हणजे, आता विचार केल्यावर वाटतं की तेव्हाच वाटलं होतं."

"हे तुम्ही आपण होऊन सरांना सांगायला गेलात?"

"छे! मी कोणाच्या अध्यात ना मध्यात." शेजारच्या टेबलावरचा विद्यार्थी खोकला. बाईंनी त्याच्याकडे एक नजर टाकली आणि त्याचा खोकला बरा झाला. "सर आले होते विचारायला."

"त्यांनी काय विचारलं? त्यांच्याच शब्दांत सांगा."

बाईंनी आठवलं. "म्हणाले, 'मॅडम ड्रम घेऊन उतरल्या तेव्हा तो पिशवीत होता की खोक्यात?' मी म्हटलं, पिशवीत."

"मॅडम उतरल्या का, असं नाही विचारलं?"

"नाही. पिशवी की खोकं, एवढंच."

"मॅडम एरवी काय घेऊन उतरतात?"

"दर सोमवारी ती पत्त्यांची पेटी असते ना, प्रयोगाची. खालच्या वर्गात नेतात."

"ती कशात असते?"

ग्रंथपालबाईंनी हातातला शिक्का खाली ठेवला.

"करड्या पिशवीत," त्या हळूच म्हणाल्या. आणि लगेच सावरून, "पण या सोमवारी त्यात ड्रम होता. मला दिसतोय ना!"

"पिशवी पारदर्शक होती?"

"नाही."

"मग काय दिसतंय?"

बाई गोंधळून आत्यांकडे बघत राहिल्या. तीस वर्षं साक्षीदारांच्या जबान्या घेतलेल्या आत्यांना ही नजर ओळखीची होती. बाई खोटं बोलत नव्हत्या, आणि खरी अडचण तीच होती. खोटं बोलणारा माणूस कुठे तरी अडखळतो.

४

काका प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या पुसत होते.

"शनिवारी सकाळी मीच ड्रम पुसला. मखमलसुद्धा ब्रशने झाडली. मग रंगारी आले, सर म्हणाले तुम्ही जा घरी, मी थांबतो. मी गेलो."

"रंगाऱ्यांनी भिंती खरवडायला कधी सुरुवात केली?"

"दुपारून, तेच सांगत होते. सकाळी नुसता रंग कालवत होते. भिंतीला रंग रविवारी. भिंतीची ती पांढरी पावडर अजून झाडतोय बघा. कपाट बंद होतं तरी आत शिरली. जाईल तिथे शिरते."

"मॅडम होत्या का शनिवारी?"

"त्या शुक्रवारीच पोरांना घेऊन सहलीला गेल्या होत्या की. रविवारी संध्याकाळी आल्या."

"आणि सोमवारी सकाळी सर कुठे होते, काका?"

"बागेत. फेऱ्या मारत होते, डोळे मिटून, पुटपुटत. माळी म्हणाला, सरांना सांगा, डोळे मिटून चालू नका, कारंज्यात पडाल. मी म्हटलं, भाषण पाठ करतायत, पडले तरी थांबणार नाहीत."

"खोलीत कधी आले?"

"आले असतील मधे. मी नाही पाहिलं."

आत्यांनी जाता जाता रुमालाची गाठ सोडून ते पिवळसर कण दाखवले. "हे काय आहे हो?"

काकांनी वास घेतला. "लाकडाचा भुसा." मग मान हलवली. "रंगाऱ्यांकडे भुसा नसतो. या मजल्यावर कुठेच नसतो आता. पूर्वी असायचा, तो उंदरांसाठी..." तेवढ्यात घंटा झाली आणि काका नळ्या आवरायला लागले.

नव्या मॅडम रिकाम्या वर्गात फळा पुसत होत्या. फळा आधीच स्वच्छ होता.

"आत्या, एक विचारू? हसू नका."

"विचार."

"पहिल्या दिवशी मला खात्री होती. मी फक्त पेटी घेतली, कपाटाला हातही लावला नाही. पण सर इतक्या ठामपणे सांगतायत, ग्रंथपालबाई सांगतायत, आणि सर काही माझ्या वाईटावर नाहीत, त्यांनीच मला इथे आणलं." डस्टर त्यांच्या हातात तसंच राहिलं. "आज सकाळपासून मलाच दिसायला लागलंय. मी कपाट उघडतेय. ड्रम उचलतेय. त्याचं वजनसुद्धा जाणवतंय. मी नेला असेन का, आत्या? कुठल्या तरी तंद्रीत?"

"ड्रम उचलतेस तेव्हा तू काय घातलेलं दिसतं तुला?"

मॅडमनी विचार केला. "हाच ड्रेस. आजचा."

"सोमवारी हा होता?"

"नाही." मॅडम एकदम खुर्चीत बसल्या.

"गुरुवारपर्यंत त्या चित्राकडे बघत बसू नकोस," आत्या म्हणाल्या. "बघितलं की ते आणखी रंगतं."

त्या निघाल्या खऱ्या, पण त्यांच्या हाती अजून एकच गोष्ट होती: तिघांना काहीतरी स्पष्ट दिसत होतं, आणि ड्रम कुठेच नव्हता.

५

"साबण कुठाय?" आत्यांचे यजमान पिशवी रिकामी करत म्हणाले.

"पिशवीत."

"पिशवीत बटाटे आहेत. ब्रश आहे. मेणबत्त्या आहेत. साबण नाही."

"असं कसं होईल? मी स्वतः पाहिलाय. निळ्या कागदातला."

"कुठे पाहिलास?"

"कपाटात."

"दुकानात कपाट कुठाय?"

"दुकानातलं नाही हो. सरांच्या खोलीतलं."

यजमानांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "तुझ्या सरांच्या कपाटात आपला साबण काय करतोय?"

"अहो, ती पद्धत आहे. यादी न लिहिता लक्षात ठेवायची. दारात बटाट्यांचा ढीग, छत्र्यांच्या स्टँडमध्ये ब्रश, घड्याळाच्या काट्याला मेणबत्त्या, आणि कपाटात... " आत्या थांबल्या. हातातला बटाटा त्यांनी टेबलावर ठेवला.

"काय झालं?"

"मी दुकानातून घरी येईपर्यंत शपथेवर सांगितलं असतं की साबण घेतला. निळा कागद डोळ्यांसमोर होता."

"फौजदारबाईंनी खोटी साक्ष दिली असती म्हणायची."

"खोटी नाही. चुकीची." त्या हळूहळू हसायला लागल्या. "मी साबण पाहिला होता. फक्त डोळ्यांनी नव्हता पाहिला."

यजमानांना या फरकात रस नव्हता. आंघोळ बिनसाबणाची होणार होती. त्यांचा सूड घ्यायला आत्यांना फार लांब जावं लागलं नाही.

"आणि तुम्ही मला बोलू नका. पासपोर्ट मिळाले का? मुलीकडे जायचंय पुढच्या महिन्यात."

"मिळतील. जपून ठेवलेत."

"तीच तर भीती आहे."

"अगं, चोराच्या बापालाही सुचणार नाही अशी जागा शोधली होती मी."

"चोराच्या बापाला नाही आणि तुम्हालाही नाही. रोजच्या खणात टाकले असते तर हात आपोआप तिकडे गेला असता. पासपोर्टचा आणि त्या जागेचा काही संबंधच नाही, मग आठवणार कशावरून?" आणि आत्या दुसऱ्यांदा थांबल्या. "अहो, तुम्ही फार हुशार आहात."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती. यजमानांनी पहिल्यांदाच हे वाक्य ऐकलं, आणि कशाबद्दल ते त्यांना कळलं नाही.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या काकांना घेऊन जिन्याखालच्या अडगळीत गेल्या.

"इथे काय?" काकांनी नाकाला रुमाल लावला. "इथे कोणी येत नाही, आत्या. उंदरांच्या पेट्या आहेत. एके काळी प्रयोग व्हायचे. उंदीर जाऊन जमाना झाला, पेट्या मी स्वतः धुतल्या, भुसा बदलला. तरी सगळे इथून नाक दाबूनच जातात."

"तुम्हीही दाबलंय."

काकांनी रुमाल काढला. वास घेतला. वास नव्हता. "अरेच्चा," ते म्हणाले.

सगळ्यात आतल्या पेटीच्या झाकणावर धूळ होती, आणि धुळीत बोटांच्या ताज्या खुणा होत्या. आत्यांनी झाकणाचं टोक उचललं, आत डोकावल्या, आणि झाकण परत बसवलं. काकांना काही दिसलं नाही. आत्यांचा चेहरा तेवढा दिसला.

अर्ध्या तासाने प्राचार्यबाई जिन्याखाली उभ्या होत्या आणि झाकणावर चिकटवलेल्या कागदी पट्टीवर सही करत होत्या.

"आत काय आहे?"

"ते मी सांगणार नाही."

"ड्रम असेल तर आत्ता काढा आणि मोकळं व्हा!"

"आत्ता काढला तर सगळे म्हणतील, मॅडमनीच घाबरून इथे आणून ठेवला. मग ड्रम मिळेल, पण मॅडमची नोकरी मिळणार नाही. ही पेटी ज्याने भरली त्यानेच सांगायला हवं. आणि त्याची अडचण अशी आहे," आत्या म्हणाल्या, "की ते त्याला ठाऊकच नाही."

७

गुरुवारी, बैठकीच्या आधी, प्राचार्यबाईंनी सगळ्यांना सरांच्या खोलीत बोलावलं. खोली पाहून सर दारातच थबकले. खुर्च्यांवर चादरी होत्या. कोपऱ्यात एक रंगारी शिडी ओढत होता. रंगाचा डबा उघडा होता आणि टर्पेंटाइनचा वास डोक्यात जात होता.

"हे काय नाटक आहे?"

"प्रयोग आहे, सर. तुमच्याच पुस्तकातला. बसा." आत्या ग्रंथपालबाईंकडे वळल्या. "बाई, पिशवीत ड्रम दिसला होता?"

"पिशवी दिसली होती," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "ड्रम सरांनी प्रश्नात घातला. मी तो काढलाच नाही बाहेर." त्यांनी नव्या मॅडमकडे पाहिलं. "माझं चुकलं गं."

"मी तर पाहिला ना!" सर म्हणाले. "सोमवारी. दार, छत्र्या, घड्याळ, कपाट..."

"घड्याळ कुठाय, सर?"

सरांनी भिंतीकडे बोट केलं. बोट हवेत राहिलं. क्रीम रंगाच्या कोऱ्या भिंतीवर एक खिळा होता.

"शनिवारी उतरवलं," आत्या म्हणाल्या. "अजून व्हरांड्यात आहे. सोमवारी मी त्यालाच अडखळणार होते. तुम्ही मात्र सोमवारी सकाळी ते भिंतीवर पाहिलं. वाजले किती ते दिसलं नाही, कारण तुमच्या भाषणात त्या घड्याळाला वेळ नसते. तिथे दुसराच मुद्दा असतो."

"काळाची कसोटी," सर यंत्रासारखे म्हणाले. "आणि कपाटात संस्थापक. म्हणजे ड्रम. लखलखता, कारण चित्र जितकं भडक तितकं पक्कं बसतं." त्यांनी कपाळाला हात लावला. "मी बागेत होतो."

"सकाळभर. आठवडाभर रोज तुम्ही मनातल्या मनात त्या कपाटात ड्रम पाहत होता. हे खोटं नाही, सर. मी परवा असाच एक साबण पाहिला. पण त्यामुळे सोमवारची साक्ष गेली, आणि ती गेली की ड्रम कधी गेला हे पुन्हा विचारावं लागतं. मखमलीवरच्या खळग्यांत भिंतीची पावडर होती. ड्रम तिथे उभा असता तर त्याच्या पायांखाली ती गेली नसती. म्हणजे दुपारी खरवडायला लागायच्या आधीच तो हलला. माणसांच्या आठवणीवर मी फार विसंबत नाही, पण पावडरीला आठवणच नसते. मॅडम तेव्हा सहलीवर होत्या, चावीसकट. दुसरी चावी कोणाकडे होती?"

सगळे सरांकडे वळले. शिडी तेवढी कुरकुरली.

"मी चोर?" सर म्हणाले.

"चोर नाही. आता मी फक्त विचारीन, काही सुचवणार नाही. तुमचा तो कोट घाला. डोळे मिटा. शनिवार आहे. काय वास येतोय?"

"रंग. टर्पेंटाइन."

"काय ऐकू येतंय?"

"शिडी. फरशीवरून ओढतायत." त्यांच्या कपाळाला आठी पडली. "काचेवर पडेल ही शिडी. यांना सांगून उपयोग नाही."

"मग?"

मॅडमनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. भिंतीपलीकडे बैठकीला आलेल्यांचे आवाज यायला लागले होते.

"फोन वाजला," सर म्हणाले. "प्राचार्यबाई. पाहुण्यांना आणायला गाडी कोणाची, ते विचारत होत्या."

"खरंय," प्राचार्यबाई पुटपुटल्या. आत्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"मी बोलतोय. चालतोय. फोन या हातात. आणि दुसऱ्या काखेत..." सर उठले. त्यांचा डावा हात अंगाशी दुमडला गेला, एखादं मूल धरावं तसा. "जड आहे. थंड आहे. ओरखडा नको म्हणून गुंडाळलंय..." उजवा हात गळ्याशी गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी डोळे उघडले. "माझा मफलर! निळा. बायकोने विणलेला. शनिवारपासून घरात त्यावरून रोज बोलणी खातोय!"

"कुठे गेलात?"

"खाली. फोनवर गाडीचंच चाललं होतं. म्हटलं, अशी जागा हवी की जिथे कोणी हात घालणार नाही." ते दाराबाहेर पडलेसुद्धा. सगळी मंडळी त्यांच्यामागे जिना उतरली. खालच्या पायरीवर सरांनी, ग्रंथपालबाईंनी आणि प्राचार्यबाईंनी एकाच वेळी नाक दाबलं. काका हसले.

प्राचार्यबाईंनी आपल्या सहीची पट्टी फाडली. झाकण निघालं. सरांच्या कोटावर होता तसल्याच पिवळसर भुशात अर्धवट रुतलेला एक निळा गठ्ठा होता. त्याच्या एका टोकातून पितळी हँडल बाहेर आलं होतं.

सरांनी तो उचलला नाही. ते वळले आणि नव्या मॅडमसमोर उभे राहिले. "मी तुमचं नाव घेतलं. सगळ्यांसमोर घेतलं. माफी मागतो, तीही सगळ्यांसमोर."

"सर, तुम्ही खोटं बोलत असता तर मी भांडले असते," मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या. "तुमची खात्री इतकी पक्की होती की मी स्वतःशीच भांडत बसले."

"गंमत सांगू? मला तो अजूनही कपाटात दिसतोय. सोमवारी सकाळी. लखलखीत."

"दिसणारच," आत्या म्हणाल्या. "फक्त त्याच्यावर सही करू नका."

बैठक उशिरा सुरू झाली आणि लवकर संपली. ठराव सरांनीच मांडला.

८

शुक्रवारी सरांनी कागदाशिवाय भाषण केलं. दारापासून घड्याळापर्यंत ते उत्तम झालं. कपाटाशी येऊन ते थांबले, टेबलावरच्या ड्रमकडे पाहिलं, आणि संस्थापकांबद्दल बोलायचं सोडून त्यांनी या आठवड्याची हकीकत सांगितली, स्वतःच्या मफलरासकट. टाळ्या सगळ्यात जास्त तिथेच पडल्या. खाली उतरल्यावर त्यांनी कपाटाची आपली चावी नव्या मॅडमच्या हातात ठेवली. "आता जपून ठेवायचं काम तुमचं."

"नको सर, जपून नको," मॅडम म्हणाल्या. "जिथे असतो तिथेच ठेवू."

स्मरणशक्तीचं प्रकरणही शिकवायला सरांनी मॅडमकडे सोपवलं. पुढच्या सोमवारी त्या वर्गात आल्या, हजेरी घेतली, थोडं शिकवलं, आणि मग हात मागे बांधून उभ्या राहिल्या.

"मी आत आले तेव्हा माझ्या हातात कुठल्या रंगाची पिशवी होती?"

"करडी!" अर्धा वर्ग म्हणाला.

"काळी होती, मॅडम. मी पाहिली ना," मागच्या बाकावरून कोणीतरी ठणकावलं. त्यावरून बाकाबाकांत जुंपली. एकीने तर पिशवीचा तुटलेला बंदही सांगितला.

"आत्या, तुम्ही? तुम्ही तर पहिल्या बाकावर."

आत्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. काल यजमानांना हिवाळ्याच्या जुन्या बुटांत पासपोर्ट सापडले होते, आणि येताना वाटभर त्या तेच आठवून हसत आल्या होत्या.

"मला नाही आठवत, मॅडम," त्या म्हणाल्या.

"पूर्ण गुण," मॅडम म्हणाल्या, आणि आत येतानाही रिकामेच असलेले हात त्यांनी वर्गासमोर उघडले.